आतड्याच्या आजारात रक्तदाब दोन्ही हातांचा मोजावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१९ मे या जागतिक आयबीडी (आतड्याचा दीर्घकालीन दाह) दिनाच्या निमित्ताने आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर या आजाराविषयी लेख आला होता. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या दोन आजारांची लक्षणे, दुर्बिणीची तपासणी, आहार आणि औषधे यांची माहिती त्यात नेमकेपणाने दिली होती. शौचावाटे रक्त पडले म्हणजे मूळव्याधच, हा आपल्याकडचा घट्ट समज खोडून काढल्याबद्दल लेखकाचे आभारच मानायला हवेत. मात्र हा आजार पोटाबाहेर काय करतो, याविषयी सांधे, डोळे व त्वचा यांवरही परिणाम होऊ शकतो एवढे एकच वाक्य त्यात होते आणि रक्तवाहिन्यांचा उल्लेख कुठेच नव्हता. माझ्या मुलीच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट कुणाच्या ध्यानात न आल्यामुळे जवळजवळ दीड वर्ष वाया गेले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी डॉक्टर नाही; प्राथमिक शाळेत ३६ वर्षे शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. पुढे जे वैद्यकीय लिहिले आहे, ते मुलीच्या डॉक्टरांनी वेळोवेळी समजावून सांगितलेले आणि मी वहीत उतरवून ठेवलेले आहे. मुलीला हे पत्र वाचून दाखवले असून तिची त्याला संमती आहे.

मुलगी बारावीला असताना, २०१६ च्या पावसाळ्यात, तिला आव पडू लागली. पहिले दोन-तीन महिने आम्ही घरोघरी करतात तेच केले. कुड्याच्या सालीचा काढा झाला, बेलाचा मुरंबा झाला, ताकभातावर राहणे झाले. शौचाला रक्त पडते हे तिने लाजून महिनाभर सांगितलेच नाही. हिमोग्लोबिन ८ वर आल्यावर मात्र आम्ही मिरज गाठली. दुर्बिणीतून पाहिल्यावर मोठ्या आतड्यात व्रण दिसले, तुकडा तपासणीला गेला आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे नाव आमच्या घरात आले. मेसालामाइनच्या गोळ्या, सुरुवातीला स्टिरॉइड आणि पुढे अझाथायोप्रिन अशा उपचारांनी वर्षभरात पोट बरेच ताळ्यावर आले. रात्री उठावे लागणे थांबले, ती कॉलेजला नियमित जाऊ लागली, आणि आता गोळ्या चालू ठेवल्या की झाले, असे आम्ही समजून चाललो.

२०१८ च्या सुरुवातीपासून ती पुन्हा थकू लागली. संध्याकाळी अंगात कणकण असायची, वजन हळूहळू उतरत होते, मानेची डावी बाजू दाबली की दुखायची. आपल्याला जुना आजार असला की नव्या प्रत्येक तक्रारीचे कारण आपण त्याच आजारात शोधतो, आणि ते तिथे सापडतेही. कारण आतड्याच्या दाहात थकवा, बारीक ताप आणि वजन घटणे ही लक्षणे असतातच. रक्ततपासणीत ईएसआर, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारा आकडा, ७० च्या पुढे येत होता. २०१९ च्या आरंभी पुन्हा दुर्बीण झाली, तेव्हा आतडे जवळजवळ स्वच्छ दिसले. पोट उत्तम आहे, रक्त कमी असल्यामुळे ईएसआर वाढलेला दिसतो, असे आम्हाला सांगण्यात आले. रक्तक्षयात ईएसआर वाढतो हे खरे आहे, त्यामुळे तेव्हाच्या डॉक्टरांनी काही खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही. परंतु आतडे शांत आहे आणि दाह दाखवणारा आकडा तरीही चढाच आहे, तर मग हा दाह शरीरात आहे तरी कुठे, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला नाही. मीही विचारला नाही. या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच प्रश्न, म्हणून तो आधीच लिहून ठेवते.

हाताविषयी तर माझीच चूक झाली. केस विंचरताना, वेणी घालताना ती डावा हात मध्येच खाली सोडायची, दोन मिनिटे मांडीवर ठेवायची आणि पुन्हा वर घ्यायची. गच्चीवर दोरीवर कपडे वाळत घालताना चार-पाच कपड्यांनंतर तिचा हात भरून यायचा. खाली सोडला की बरा व्हायचा. मोबाइल धरून धरून हात दुखतो, असे मी तिला कितीदा तरी बोलले असेन. हात वर धरून काम करताना दुखतो आणि विसावा दिला की थांबतो, हे स्नायूला रक्त कमी पडत असल्याचे लक्षण असू शकते, हे मला पुढे कळले.

२०१९ चा ऑगस्ट सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि गावभागातील आमच्या घरात पुरुषभर पाणी शिरले. घर सोडताना मुलीच्या गोळ्यांचा डबा आठवणीने घेतला, कारण स्टिरॉइडची गोळी एकदम बंद करायची नसते हे आम्हाला पहिल्या वर्षीच बजावून सांगितले होते. तेव्हा ती लहान डोसवर का होईना, पण चालू होती. फाइल मात्र कपाटात राहिली. पाणी ओसरल्यावर ती चिखलातून काढली, एकेक कागद सुटा केला आणि विश्रामबागेत बहिणीच्या घरी फरशीवर पसरून वाळवला. शाई फुटलेली होती, तरी आकडे वाचता येत होते. तीन वर्षांचे कागद एकाशेजारी एक पडले तेव्हा प्रथमच माझ्या लक्षात आले की प्रत्येक भेटीत कोपऱ्यात लिहिलेला रक्तदाब उतरत आला आहे. २०१६ साली ११६/७४, पुढच्या वर्षी १०८/७०, मग ९८/६४ आणि शेवटच्या कागदावर ८६/५८. अशक्तपणामुळे बीपी कमी आहे, मीठ-साखरेचे पाणी देत जा, असा सल्ला त्यातल्या दोन कागदांवर होता. हा रक्तदाब कोणत्या हाताचा आहे, हे एकाही कागदावर लिहिलेले नव्हते. नंतर आठवून पाहिले तेव्हा ध्यानात आले की त्या खोलीत रुग्णाचे स्टूल टेबलाच्या ज्या बाजूला असते, तिथे बसल्यावर डावाच हात टेबलावर येतो, आणि तीन वर्षे पट्टा त्याच हाताला बांधला जात होता.

त्याच आठवड्यात पूरग्रस्तांसाठी भरलेल्या तपासणी शिबिरात आम्ही गेलो. तिथल्या सिस्टर वयाने मोठ्या होत्या. यंत्राचा पट्टा बांधण्याआधी त्यांनी मुलीचे डावे मनगट हातात धरले, बोटे दोन-तीनदा सरकवली, मग उजवे मनगट धरले आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “काकू, हिची ह्या हाताची नाडी लागंना ओ.” त्यांनी रक्तदाब दोन्ही हातांचा घेतला. डाव्या हाताचा ८४/६०, उजव्या हाताचा १५२/९६. त्यांनी पुन्हा एकदा घेतला, आकडे जवळपास तेच आले. ज्या मुलीला बीपी कमी म्हणून आम्ही मीठ घालून पाणी पाजत होतो, तिचा खरा रक्तदाब वाढलेला होता.

पुढे सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचे चित्र काढणारी तपासणी झाली. महाधमनीतून डाव्या हाताकडे जाणारी धमनी सुरुवातीलाच अरुंद झालेली होती आणि मानेतल्या डाव्या धमनीची भिंत जाड झालेली होती. मान दुखत होती ती त्यामुळे. या विकाराला ताकायासू आर्टरायटिस म्हणतात. मिकितो ताकायासू हे जपानमधील नेत्रतज्ज्ञ होते. १९०८ मध्ये त्यांनी एका २१ वर्षांच्या तरुणीच्या डोळ्यांच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांत दिसलेले विचित्र बदल मांडले, आणि तशाच रुग्णांच्या मनगटाची नाडी लागत नाही हे त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्षात आणून दिले. म्हणून यालाच नाडीविरहित आजार असेही जुने नाव आहे. तो दुर्मीळ आहे, पण जपान आणि भारतासह आशियात तुलनेने अधिक आढळतो, बहुधा चाळिशीच्या आतील स्त्रियांना होतो, आणि आतड्याच्या दाहाशी त्याचे नाते योगायोगाचे नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात ताकायासूच्या ४७० रुग्णांपैकी ३० जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिसही होता, म्हणजे शंभरात सहांहून अधिक. सर्वसाधारण लोकांत कोलायटिसचे प्रमाण याच्या जवळपासही नसते. दोन्ही आजारांत आढळणारी काही जनुकीय वैशिष्ट्येही सामाईक निघाली. क्रोन्स आजाराच्या रुग्णांतही ताकायासूची नोंद झालेली आहे.

हे का होते, याचे पूर्ण उत्तर वैद्यकशास्त्राने अजून दिलेले नाही, पण जेवढे मला समजले ते असे. आतड्याच्या दाहात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते. ही यंत्रणा रक्तातूनच सर्वत्र फिरत असते, त्यामुळे तिच्या पेशी आणि ती सोडत असलेली दाहकारक द्रव्ये आतड्यापुरती बांधलेली राहत नाहीत. काही जणांत ती सांध्यांवर उलटते, काही जणांत डोळ्यांवर, आणि थोड्या जणांत रक्तवाहिनीच्या भिंतीवर. भिंत सुजली की आतली वाट अरुंद होते. कधी भिंत कमकुवत होऊन तिला फुगवटाही येतो. मोठ्या धमनीचा दाह सुरुवातीला ताप, थकवा, वजन घटणे आणि चढलेला ईएसआर एवढ्याच रूपात दिसतो. नाडी हरवणे, हात दुखणे, चक्कर येणे हे नंतरचे. म्हणजे ज्या काळात उपचारांचा सर्वाधिक उपयोग व्हायचा, नेमक्या त्याच काळात तो पोटाच्या आजारासारखा दिसतो, आणि रुग्णाला पोटाचा आजार आधीच असेल तर तो त्याच्या आडोशाला सहज लपतो. शिवाय दोन्ही आजार एकमेकांच्या तालावर चालतीलच असे नाही. माझ्या मुलीचे पोट शांत असताना धमनी आतून सुजत होती. मोठे आतडे शस्त्रक्रियेने काढून टाकले तरी धमन्यांचा हा आजार त्यामुळे थांबत नाही.

रक्तवाहिन्यांचा प्रत्येक दाह असा मोठ्या धमन्यांचा नसतो, आणि हे लिहिले नाही तर वाचकांचा गैरसमज होईल. त्वचेतल्या अगदी बारीक वाहिन्यांना सूज आली की पायांवर लाल-जांभळे, किंचित उंच ठिपके उठतात. काचेचा पेला त्यावर दाबला तरी ते फिके पडत नाहीत. नडगीवर येणाऱ्या लाल, दुखऱ्या गाठी वेगळ्या. त्या आतड्याच्या दाहात पुष्कळ अधिक आढळतात, पण तो त्वचेखालील चरबीचा दाह असतो. डोळ्याच्या पडद्यावरील वाहिन्यांचा दाह क्वचित होतो, मात्र तो झाला तर नजर अंधूक होते, आणि अशा वेळी औषधांच्या दुकानातून थेंब आणून वाट पाहत बसणे धोक्याचे आहे. मेंदूतील वाहिन्यांचा दाह त्याहून विरळ. काही वेळा तर आतड्यासाठी दिलेल्या औषधानेच त्वचेवर असा दाह उठतो. सल्फासालाझिन आणि इन्फ्लिक्झिमॅबच्या गटातील औषधे यांच्या बाबतीत हे नोंदवलेले आहे. म्हणून नवीन पुरळ दिसल्यावर घरच्या घरी औषध बंद न करता डॉक्टरांना दाखवावे, कारण तो पुरळ आजाराचा आहे की औषधाचा, हे पाहून ओळखणे आपल्या आवाक्यातले नाही. याच्या उलटही घडते: आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचाच मूळ दाह असेल, तर पोटदुखी आणि रक्ताचे जुलाब होऊन तो हुबेहूब कोलायटिससारखा भासतो.

रक्ताच्या गुठळ्यांविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण त्या वाहिन्यांच्या दाहाहून कितीतरी अधिक रुग्णांना होतात. गुठळी होणे म्हणजे वाहिनीचा दाह नव्हे, पण दोन्हींच्या मुळाशी दाहच आहे. आतड्याच्या दाहाच्या रुग्णाला पायाच्या किंवा फुप्फुसाच्या वाहिनीत गुठळी होण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे दोन ते तीन पटींनी अधिक असते, आणि आजार उसळून दवाखान्यात पडून राहावे लागते तेव्हा ती आणखी वाढते. अशा वेळी डॉक्टर रक्त गोठू नये म्हणून पोटावर हेपॅरिनची सुई देतात. शौचावाटे रक्त पडत असताना रक्त गोठू नये म्हणून सुई, हे ऐकून नातेवाईक घाबरतात. २०१६ मध्ये आम्ही स्वतः ती सुई नाकारली होती आणि सुदैवाने काही झाले नाही. ती सुई जगभरच्या मार्गदर्शक सूचनांना धरूनच दिली जाते, हे आम्हाला नंतर कळले. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. आमच्याकडे सणवार, लग्न, पूजा आली की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या सहज घेतल्या जातात. त्या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढू शकतो, म्हणून ज्या मुलीला हा आजार आहे तिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत आणि घरातल्या मोठ्यांनी तिला तसा आग्रह करू नये. आम्हा बायकांनाच हे एकमेकींना सांगावे लागेल.

उपचारांविषयी. ताकायासूचे निदान झाल्यावर आम्हाला पुण्याला सांधे व संरक्षण यंत्रणेच्या आजारांच्या तज्ज्ञांकडे, म्हणजे र्‍हुमॅटॉलॉजिस्टकडे जावे लागले. स्टिरॉइडचा डोस वाढवला गेला, तो महिन्यामहिन्याने उतरवत आणला, आणि अझाथायोप्रिन पुरेसे पडत नाही असे दिसल्यावर इन्फ्लिक्झिमॅब सुरू झाले. ते सुरुवातीच्या डोसनंतर दर ८ आठवड्यांनी सलाइनमधून दिले जाते आणि आतडे व धमनी या दोन्ही ठिकाणच्या दाहावर काम करते. म्हणूनच पोटाच्या आणि र्‍हुमॅटॉलॉजीच्या डॉक्टरांनी एकत्र बसून ते ठरवले. ते देण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि रक्ततपासणी करून क्षयरोग दबून बसलेला नाही ना, याची खात्री करून घेतली. आपल्या देशात ही पायरी कोणीही गाळू नये, कारण हे औषध दबलेला क्षय जागा करू शकते. अरुंद झालेल्या धमनीत स्प्रिंग बसवायची का, असे आम्ही विचारले होते. दाह चालू असताना ती बसवली तर जागा पुन्हा बुजण्याचा संभव असतो, आणि हिच्या हाताला बाजूच्या बारीक वाहिन्यांनी पुरेसे रक्त मिळते आहे, असे सांगण्यात आले. उसाला पाणी देताना मुख्य पाट बुजला तर पाणी सरींमधून आडवी वाट काढते, तसे तिच्या खांद्याजवळच्या चित्रात स्पष्ट दिसत होते.

आज ती २६ वर्षांची आहे, एका पतसंस्थेत नोकरी करते. ईएसआर उतरला आहे, उजव्या हाताचा रक्तदाब एका गोळीवर ताब्यात आहे. डाव्या मनगटाची नाडी परत आली नाही. अगदी शांत बसून बोटे ठेवली तर कधी कधी अस्पष्ट लागते. धमनी बुजण्याआधी दाह ओळखला असता तर कदाचित ती राहिली असती. लग्नाचे विषय निघतात तेव्हा आजार लपवा असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्ही लपवत नाही. दोन्ही आजार आटोक्यात असताना, रक्तदाबावर नीट लक्ष ठेवून आणि औषधांचे आधीच नियोजन करून अशा स्त्रियांची बाळंतपणे सुखरूप होतात. मेथोट्रेक्सेटसारखे औषध मात्र गर्भ राहण्याच्या बऱ्याच आधी बंद करावे लागते, आणि हे नियोजन करायचे तर सासरच्यांना आजार ठाऊकच असावा लागतो.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले, ते मागणे. आतड्याच्या दाहाच्या प्रत्येक रुग्णाचा रक्तदाब पहिल्या भेटीत आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा दोन्ही हातांचा मोजावा, दोन्ही मनगटांची नाडी हाताने पाहावी, आणि कागदावर आकड्यासमोर ‘उ’ किंवा ‘डा’ एवढे एक अक्षर लिहावे. दोन हातांत पाच-सात अंकांचा फरक निरोगी माणसातही असतो. वरच्या आकड्यात १० हून अधिक फरक असणे हा मात्र ताकायासूसाठी १९९० मध्ये ठरलेल्या सहा निकषांपैकी एक आहे, आणि तो पाहायला ना सीटी लागते ना पुण्याची एसटी. दोन्ही हातांच्या धमन्या बुजल्या असतील तर दोन्हीकडचा आकडा फसवा कमी येतो. तेव्हा पायाचा रक्तदाब घ्यावा लागतो, एवढे लक्षात ठेवले की झाले. स्टेथोस्कोप गळ्यातच असतो. तो मानेवर आणि गळपट्टीच्या हाडाजवळ टेकवून रक्त अरुंद जागेतून जाताना होणारी घरघर ऐकायला अर्धा मिनिट लागतो. मिरजेच्या ओपीडींत केवढी गर्दी असते हे आम्ही अनुभवले आहे, तरीही हा अर्धा मिनिट मी मागते आहे.

दुसरे मागणे आरोग्य विभागाकडे आहे. गावोगावी उपकेंद्रांमार्फत रक्तदाब आणि मधुमेहासाठी जी सरसकट तपासणी होते ती ३० वर्षांवरील व्यक्तींची असते. त्या वयाची मर्यादा का आहे हे मला समजते, पण रक्तवाहिन्यांचा हा आजार विशी-पंचविशीतल्या मुलींना गाठतो आणि त्या या चाळणीत येतच नाहीत. ज्या तरुण मुला-मुलींना आतड्याचा दीर्घकाळचा दाह आहे असे आशाताईंना माहीत असेल, त्यांची नावे वयाची अट न लावता या तपासणीत घ्यावीत. त्यासाठी नवे यंत्र लागणार नाही, नवा कर्मचारी लागणार नाही.

तिसरे मिरजेविषयी. मिरजेत मिशन रुग्णालय उभारणारे डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या काळापासून हे गाव रुग्णांचे आधारस्थान आहे, १९६२ पासून येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि सांगली जिल्ह्यातूनच नव्हे तर सोलापूर, बेळगाव, विजापूरकडूनही लोक येथे येतात. महिन्यातून एक दिवस पोटविकाराचे, र्‍हुमॅटॉलॉजीचे आणि डोळ्यांचे डॉक्टर एकाच ठिकाणी, एकाच फाइलवर असे रुग्ण पाहतील, अशी सोय येथे व्हावी. आमच्या बाबतीत पोटाचा कागद एकीकडे, रक्ताचा दुसरीकडे आणि हाडांच्या डॉक्टरांनी मानेसाठी दिलेल्या पट्ट्याचा कागद तिसरीकडे होता. ते सारे शेजारी शेजारी आले ते पुरात भिजल्यामुळे.

ज्या घरात असा रुग्ण आहे त्यांनी सरकारची किंवा कोणाचीच वाट पाहू नये. पुढच्या भेटीला जाताना जुने सगळे कागद तारखेने लावून न्यावेत आणि दुसऱ्या हाताचाही बीपी घ्या असे नम्रपणे सांगावे. आजवर एकाही डॉक्टरांनी आम्हाला त्यासाठी नाही म्हटलेले नाही. मुलीच्या नव्या फाइलच्या पहिल्या पानावर आम्ही जाड अक्षरांत ‘रक्तदाब उजव्या हाताचाच घ्यावा’ असे लिहून चिकटवले आहे. शिबिरातल्या त्या सिस्टरांचे नाव आम्ही त्या गडबडीत विचारले नाही. हे पत्र त्यांच्या वाचनात आले, तर त्यांनी धरलेल्या त्या मनगटाची मुलगी आता बरी आहे, एवढे त्यांना कळावे.

पत्र प्रसिद्ध करताना माझे नाव देऊ नये, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
गावभाग, सांगली